दहा-नऊ

बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची असते. घंटा होते, खेळाडू आपापल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसतात, आणि पुढच्या एका मिनिटात रिंगच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन जजांना चिठ्ठीवर दोन आकडे लिहून द्यावे लागतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला बहुतेक वेळा नऊ. तो एकदा खाली पडला असेल तर आठ, दोनदा पडला असेल तर सात. रेफरी चिठ्ठ्या गोळा करून अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचवतो. दिलेली चिठ्ठी परत मागता येत नाही.

हेच काम मी बरीच वर्षं घरी बसून करतो आहे. आधी वहीत करायचो, आता फोनवरच्या एका ॲपमध्ये करतो. लढत निवडली की बारा फेऱ्यांच्या बारा ओळी समोर येतात, एका बाजूला लाल कोपरा, दुसऱ्या बाजूला निळा. फेरी संपली की १०-९, १०-८ किंवा १०-१० यांपैकी एक दाबायचं. रेफरीने कोणाचा गुण कापला असेल तर त्यासाठी वेगळं बटण आहे. पुढच्या फेरीची घंटा झाली की मागची ओळ बंद होते, मग तिला हात लावता येत नाही. त्या वेळी तीच लढत बघणाऱ्या जगभरच्या चाहत्यांच्या आकड्यांची सरासरीही तिथे दिसते, पण ती मी लढत संपेपर्यंत झाकून ठेवतो. शेवटी आपलं कार्ड, चाहत्यांचं कार्ड आणि खऱ्या जजांची तीन कार्डं शेजारी शेजारी मांडून मिळतात.

याचे पैसे मिळत नाहीत आणि माझ्या आकड्यांनी कोणाच्या कमरेचा पट्टा जात नाही. तरीही मी याला काम म्हणतो, कारण ते नीट करायचं तर बघण्याची सवय मोडावी लागते. चाहता म्हणून लढत बघताना नजर आपल्या माणसावर असते. त्याने मारलेलं दिसतं, त्याने खाल्लेलं दिसत नाही. मोजायला बसलं की दोघंही सारखेच दिसले पाहिजेत, आणि तेही प्रत्येक फेरीत नव्याने.

वडील लष्करात होते, खडकीला. त्यांच्या तरुणपणी पलटणीत बॉक्सिंग रोजच्या परेडसारखं होतं, आणि निवृत्तीनंतरही टीव्हीवर लढत लागली की ते खुर्ची पुढे ओढून बसायचे. मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट, "ठोसे मोजू नकोस. लागले किती ते बघ." नियमांच्या पुस्तकात जे चार निकष आहेत त्यांतला पहिला आणि सगळ्यांत वजनदार निकष हाच. ग्लोव्हच्या बोटांकडचा भाग डोक्यावर किंवा पोटावर स्वच्छ बसला पाहिजे. दंडावर, खांद्यावर, ग्लोव्हवर अडलेला ठोसा कितीही जोरात असला तरी त्याला किंमत नाही. ऐकायला सोपं आहे. पण समोरचा दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून दोरखंडाला टेकला आहे आणि दुसरा त्याच्यावर एका दमात आठ ठोसे घालतो आहे, अशा वेळी प्रेक्षागृह उठून उभं राहतं, आणि नीट बघितलं तर त्या आठांतले सहा ग्लोव्हवर गेलेले असतात. त्याच गर्दीत कोंडलेल्याने कोपराखालून एक हुक बरगड्यांत घातलेला असतो. तो ज्याला दिसला त्याचं कार्ड वेगळं येतं.

दुसरा निकष आक्रमकतेचा, पण परिणामकारक आक्रमकतेचा. नुसतं पुढे चालत राहणं म्हणजे आक्रमण नव्हे. पुढे येणारा दर पावलाला जॅब खात असेल तर फेरी मागे सरकणाऱ्याची आहे. तिसरा निकष रिंगवरच्या हुकमतीचा, म्हणजे लढत कुठे आणि कोणत्या वेगाने व्हायची हे कोण ठरवतो आहे. यासाठी वडील पायांकडे बघायला सांगायचे. ज्याचे पाय स्वतःच्या मर्जीने वळतात त्याची हुकमत. चौथा निकष बचाव. माझं मत विचाराल तर शेवटचे तिन्ही निकष पहिल्याच्या आधाराने उभे असतात. दोघांचे लागलेले ठोसे खरोखरच सारखे वाटले तरच मी बाकीच्यांकडे वळतो, नाहीतर ज्याची शैली मला आवडते त्याच्या पारड्यात हुकमतीच्या नावाखाली गुण पडायला लागतात.

तीन मिनिटं तशी फार असतात. शेवटी घडलेलं ताजं राहतं आणि आधीचं पुसट होतं. सहा एप्रिल १९८७ ला लास वेगासमध्ये शुगर रे लेनर्ड आणि मार्विन हॅगलर यांची लढत झाली, तिच्यावर आजही वाद चालतो, आणि त्या वादाचं मोठं कारण हेच आहे. फेरीचे शेवटचे तीस सेकंद उरले की लेनर्डच्या कोपऱ्यातून इशारा यायचा आणि तो भरभर हात चालवून फेरी संपवायचा. दोन जजांनी लढत लेनर्डला दिली, एकाने ११८-११० अशी आणि एकाने ११५-११३ अशी. तिसऱ्याने ११५-११३ ने हॅगलरला दिली. मी ती चित्रफीत मोजली तेव्हा फोनशेजारी कागद ठेवला आणि दर मिनिट संपलं की त्या मिनिटापुरती एक रेघ ओढली, हॅगलरकडे किंवा लेनर्डकडे. तेव्हापासून प्रत्येक लढत मी अशीच मोजतो. ज्याच्याकडे दोन रेघा त्याची फेरी, असा काही यांत्रिक नियम नाही. एका मिनिटात एवढं मोठं काही घडू शकतं की उरलेली दोन मिनिटं त्यापुढे फिकी पडतात. पण रेघा असल्या की शेवटच्या अर्ध्या मिनिटाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त मिळत नाही. माझं कार्ड एका फेरीच्या फरकाने लेनर्डकडे गेलं. ज्याने ते हॅगलरकडे नेलं असेल त्याच्याशी माझं भांडण नाही. ११८-११० लिहिणाऱ्याशी मात्र आहे.

मी शाळेत गणित शिकवतो. वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना पहिला प्रश्न सगळ्या मुलांचा तपासून घेतो, मग गठ्ठा पुन्हा वरून घेऊन दुसरा. एकेक उत्तरपत्रिका सलग तपासली तर पहिली दोन उत्तरं चांगली लिहिणाऱ्या मुलाचं तिसरं उत्तरही आपोआप चांगलं वाटायला लागतं. बॉक्सिंगची फेरी अशीच कोरी घ्यावी लागते. पहिल्या चार फेऱ्या ज्याने जिंकल्या तो पाचवीत दमलेला असला तरी डोळ्यांना अजून जिंकतानाच दिसतो. याच्या उलटही होतं. सात फेऱ्या हरलेल्याने आठवीत थोडा जीव दाखवला की दयेपोटी त्याला ती फेरी देऊन टाकावीशी वाटते. म्हणून चालू लढतीत मी बेरीज करत नाही. ॲपमध्ये ती खाली आपोआप दिसते, ती सोयही बंद करून ठेवली आहे. खऱ्या जजाची चिठ्ठी दर फेरीला हातातून निघून जाते, यामागचं शहाणपण मला तिथे कळलं.

आवाजाचा प्रश्न जास्त अवघड आहे. लास वेगासच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला येतात. लंडन आणि रियाधच्या पहाटे तीन-चारला येतात, तेव्हा घर झोपलेलं असतं आणि आवाज बंदच ठेवावा लागतो. त्या पहाटेच्या लढतींनी मला दाखवून दिलं की समालोचक आपल्याला किती ओढून नेतो. एचबीओवर हॅरल्ड लेडरमन नावाचे गृहस्थ १९८६ पासून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ आपलं अनधिकृत कार्ड वाचून दाखवत. पेशाने औषधविक्रेते आणि रिंगशेजारी बसलेले अनुभवी जज. त्यांच्या त्या उत्साही आवाजावर आणि नियम समजावून सांगण्यावर माझ्यासारखे कितीतरी लोक शिकले. पण त्यांचं कार्ड मधेच ऐकलं की पुढच्या फेरीत मी त्यांच्या डोळ्यांनी बघायचो. ठोशांच्या आकड्यांचंही तसंच. १९८५ पासून कॉम्प्युबॉक्सची माणसं लढती मोजत आली आहेत. दोघं बसतात, एकेकाने एकेका खेळाडूवर नजर ठेवायची, लागलेल्या आणि हुकलेल्या ठोशांची बटणं दाबत जायचं. पडद्यावर त्यांचा आकडा आला की तो खरा वाटतो. पण जबड्याला खिळवणारा उजवा ठोसा आणि कपाळाला चाटून गेलेला जॅब, दोन्ही तिथे एकेकच.

आवाज बंद केला की काहीतरी हातचं जातंही. पोटात बसलेल्या ठोशाचा आवाज वेगळा असतो, आणि तो मोजणाऱ्याला फार काही सांगतो. रिंगशेजारच्या जजाला तो मिळतो, मला मिळत नाही. म्हणून दिवसाच्या लढतींना मी आवाज बारीक ठेवतो, ठोसे कळतील आणि शब्द कळणार नाहीत इतका.

आता गणिताच्या माणसाला या खेळात जे सापडलं ते सांगतो. बारा फेऱ्या दहा-नऊने संपल्या तर एका कार्डवरच्या दोन्ही आकड्यांची बेरीज २२८ येते. कोणी खाली पडला किंवा कोणाचा गुण कापला की ती एकाने घटते, जजाने फेरी बरोबरीत सोडली की एकाने वाढते. कार्ड हातात आलं की मी आधी ही बेरीज करतो. डिसेंबर २०१८ मध्ये टायसन फ्यूरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांची पहिली लढत बरोबरीत सुटली. कार्डं ११५-१११, ११२-११४ आणि ११३-११३. तिन्हींची बेरीज २२६, कारण फ्यूरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला होता. तीन जज निकालावर तीन दिशांना गेले, पण त्या दोन पडण्यांवर तिघं एक होते.

मे २०२४ मध्ये रियाधला ऑलेक्झांडर उसिकने फ्यूरीला हरवलं आणि हेवीवेटचे सगळे पट्टे पंचवीस वर्षांनी एका माणसाकडे आले. त्या लढतीची कार्डं उसिकच्या बाजूने ११५-११२, ११४-११३ आणि त्याच्या विरुद्ध ११३-११४. बेरीज तिन्ही ठिकाणी २२७. नवव्या फेरीत फ्यूरी भेलकांडत दोरखंडांवर गेला, दोरखंड नसते तर तो पडलाच असता, म्हणून रेफरीने आकडे मोजले आणि फेरी दहा-आठ झाली. तो एक गुण फ्यूरीला परत देऊन पाहा. कार्डं होतात ११५-११३, ११४-११४, ११३-११५. म्हणजे बरोबरी. रेफरीने त्या क्षणी मोजायला घेतलं नसतं तर निकालच वेगळा होता. मी त्या पहाटे ही आकडेमोड करून पाहिली आणि रेफरीबद्दलचा आदर वाढला. जज विचार करायला तीन मिनिटं घेतो, रेफरीला अर्धा सेकंद असतो, आणि त्याने तो अचूक वापरला.

दहा-नऊची एक उणीव मात्र मला दर लढतीला टोचते. केसाइतक्या फरकाने जिंकलेली फेरी आणि सरळसरळ एकतर्फी जिंकलेली फेरी, दोन्हींना किंमत एकच. पूर्वी ब्रिटनमध्ये फेरीत पाव गुणापर्यंत फरक करता यायचा. १९७१ मध्ये जो बग्नरने हेन्री कूपरला हरवलं तेव्हा गुण देणारा एकटा रेफरी होता, हॅरी गिब्ज, आणि निकाल पाव गुणाने लागला. तेव्हाही केवढं वादळ झालं. म्हणजे बारीक माप आणल्याने वाद थांबतात असं नाही. पण जाड मापाने काय होतं ते आपण २९ जुलै २०२१ ला टोकियोत पाहिलं.

ऑलिंपिकमध्ये पाच जज आणि तीन फेऱ्या. मेरी कोमची ५१ किलो गटात कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाशी लढत होती. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला ४-१ ने गेली. दुसरी मेरीने ३-२ ने घेतली, तिसरीही ३-२ ने घेतली. तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकल्या, मग लढत जिंकली, असं कोणालाही वाटेल. मेरीलाही वाटलं होतं, तिने नंतर तसं सांगितलं. पण निकाल ३-२ ने व्हॅलेन्सियाकडे गेला. देशभर लोक फसवणूक झाली म्हणून बोलत होते. मी वहीत तक्ता काढला. पाच जज, तीन फेऱ्या, एकूण पंधरा मतं. व्हॅलेन्सियाकडे चार, दोन आणि दोन, मिळून आठ. मेरीकडे एक, तीन आणि तीन, मिळून सात. फेरी बहुमताने जिंकली जातच नाही, प्रत्येक जज आपल्यापुरती तीन फेऱ्यांची बेरीज करतो आणि मग पाच बेरजा मोजल्या जातात. तक्ता शाळेत फळ्यावर मांडला तेव्हा वर्गातल्या मुलांना तो लगेच कळला. दुःख कमी झालं नाही, कारण मेरीचं ते शेवटचं ऑलिंपिक होतं आणि पहिल्या फेरीतला तिचा संथपणा तिला किती महाग पडला हे आता आकड्यांत दिसत होतं. पण फसवणूक या शब्दाची तिथे जागा नव्हती.

जिथे जागा आहे तिथे तो वापरावा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम लढतीत पार्क सी-हुनला तीन फेऱ्या बडवलं. एनबीसीच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. मार्च १९९९ मध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईसने होलीफिल्डला ३४८ ठोसे लावले आणि १३० खाल्ले, तरी लढत बरोबरीत सुटली. एका जजाने ती होलीफिल्डला ११५-११३ ने दिली होती. पाचव्या फेरीत लुईसने होलीफिल्डला कोपऱ्यात कोंडून मारलं, तीही फेरी त्या कार्डवर होलीफिल्डची. सप्टेंबर २०१७ मध्ये गोलोव्हकिन आणि कॅनेलो यांच्या लढतीत एक कार्ड कॅनेलोच्या बाजूने ११८-११० आलं, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या. ती लढत मी आवाज बंद करून, आवाज लावून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजली. कॅनेलोला दहा फेऱ्या देण्याचा कोणताही प्रामाणिक रस्ता मला सापडला नाही. लढत जवळची होती, बरोबरी हा निकालही पचण्यासारखा होता, पण ते कार्ड नाही. निकाल आणि कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे भान मला मोजायला बसल्यावरच आलं. चुकीच्या कार्डांतून बरोबर निकाल येऊ शकतो. तिन्ही कार्डं समजण्यासारखी असूनही निकाल मनाला लागू शकतो.

आपल्याकडे गुणांवरच्या निकालाबद्दल मुळातच अढी आहे. आखाड्यातली कुस्ती निकाली झाली तरच ती खरी. पाठ मातीला लागली की वाद संपला, असं आपण मानत आलो. पण २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी गटात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तिथे वाद गुणांचा नव्हताच, दोन्ही खांदे टेकले की नाहीत एवढाच होता, आणि चिडलेल्या पैलवानाने पंचांना लाथ मारली. खांदे टेकणं ही तर डोळ्यांना दिसणारी गोष्ट. तीसुद्धा कोण कुठे उभं राहून बघतो यावर अवलंबून असते.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून यंत्र आणण्याचा प्रयोग बॉक्सिंगने करून पाहिला आहे. सोलच्या त्या निकालानंतर ऑलिंपिकमध्ये बटणं आली. पाच जज, प्रत्येकासमोर लाल आणि निळं बटण. ठोसा लागलेला दिसला की दाबायचं, आणि पाचांतल्या तिघांनी सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये हे चाललं, आणि बटणं २०१२ पर्यंत राहिली. ऐकायला न्याय्य. पण पोटातल्या ठोशावर तिघांची बोटं एकाच वेळी क्वचित पडायची, त्यामुळे पोटात मारणं हळूहळू खेळातून जायला लागलं. मुलं दूर उभी राहून डोक्यावर टपली मारून पळायला शिकली. आणि वाद थांबले नाहीत ते नाहीतच. लंडनला २०१२ मध्ये विकास कृष्णने अमेरिकेच्या एरल स्पेन्सला १३-११ ने हरवलं. काही तासांनी अमेरिकेचं अपील मान्य झालं. रेफरीने न दिलेल्या ताकिदींचे चार गुण स्पेन्सच्या खात्यात जमा झाले आणि निकाल १५-१३ असा उलटला. विकासने तिसऱ्या फेरीत मिठ्या मारल्या होत्या हे खरं. पण जिंकून झाल्यावर निकाल बदललेला ऐकायचा, हे त्याच्या वाट्याला यायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये उसिक आणि फ्यूरी पुन्हा भिडले तेव्हा तीन माणसांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचंही एक कार्ड प्रयोग म्हणून काढलं होतं. ते निकालात धरलं नव्हतं. माणसांची तिन्ही कार्डं ११६-११२, उसिकच्या बाजूने. यंत्राचं ११८-११२. मी सवयीने बेरीज केली. माणसांची २२८, यंत्राची २३०. त्या लढतीत कोणी पडलं नाही, कोणाचा गुण कापला नाही, म्हणजे यंत्राने दोन फेऱ्या बरोबरीत सोडल्या होत्या. जजांना शिकवतात की शक्यतो दहा-दहा लिहू नका, फरक शोधा, तुम्ही तिथे त्याचसाठी बसला आहात. बारा फेऱ्यांत दोनदा फरक न शोधणारा जज मला तरी चालणार नाही, मग तो माणूस असो की यंत्र.

माझी भाची अकोल्यात बॉक्सिंग खेळते. मध्यंतरी एका स्पर्धेत ती ३-२ ने हरली. मैत्रिणीने फोनवर घेतलेलं चित्रीकरण तिने मला पाठवलं आणि लगेच फोन केला.

"मामा, तू मोज आणि सांग."

"तुझी लढत मी नाही मोजणार गं. मला तू एकटीच दिसणार."

"मग मी मोजू?"

"मोज. आवाज बंद करून मोज. आणि दर मिनिटाला एक रेघ."

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. ती पहिल्या फेरीवर बोलतच नव्हती, ती आपण हरलो हे तिने धरून टाकलं होतं. तिचं म्हणणं दुसऱ्या फेरीबद्दल होतं. मधल्या मिनिटात समोरच्या मुलीचा उजवा ठोसा आला तेव्हा चित्रीकरणात भाचीचं डोकं मागे गेलेलं दिसतं. "तो मला लागलाच नाही, मामा. मी ग्लोव्हवर घेतला आणि मागे झुकले." कॅमेरा तिच्या पाठीमागे होता. तिथून बघणाऱ्याला ते डोकं ठोशाने उडालं असंच दिसणार, आणि त्या बाजूला दोन जज बसले होते. समोरच्या बाजूच्या जजांना ग्लोव्ह दिसला असणार. ती स्वतः रिंगमध्ये होती म्हणून तिला ठाऊक होतं. पाचांपैकी कोणी खोटं वागलं असं मानण्याची तिथे गरज नव्हती. तिलाही ती वाटली नाही. तिने विचारलं ते एवढंच, की पाठीमागून बघणाऱ्यालाही कळेल असा बचाव कसा करायचा. तिचे प्रशिक्षक आता तिला ठोसा अडवल्यावर डोकं मागे न नेता लगेच उलटा जॅब टाकायला लावत आहेत. अडवलेल्या ठोशामागोमाग स्वतःचा ठोसा गेला की कोणत्याही बाजूच्या जजाला शंका राहत नाही.

त्यानंतर मी माझ्या मोजण्यात एक भर घातली. टीव्हीचा कॅमेरा सतत बाजू बदलतो आणि आपल्याला सगळं दिसलं असं वाटतं, पण मोठ्या ठोशाच्या क्षणी कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर तो बसला की नाही हे मला दिसलेलं नसतं. अशा फेऱ्यांपुढे मी वहीत एक छोटं प्रश्नचिन्ह काढतो. ॲपमध्ये त्याला जागा नाही, दहा-नऊ दाबलं की सगळ्या फेऱ्या सारख्याच ठाम दिसतात. ॲप बनवणाऱ्यांना मी लिहून कळवलं आहे की कोणती फेरी अगदी जवळची वाटली हे नोंदवायची सोय द्या. चाहत्यांच्या सरासरीत ती कळली तर लढतीनंतरची निम्मी भांडणं योग्य फेरीवर तरी होतील. उत्तर आलेलं नाही. तोवर वही फोनच्या शेजारी आहेच. उसिक-फ्यूरीच्या पहिल्या लढतीच्या पानावर माझी तीन प्रश्नचिन्हं आहेत, आणि तीन जजांची कार्डं वेगवेगळी का आली हे तेवढ्यावरूनही समजतं. नववी फेरी त्यात नाही. तिथे दहा-आठ, आणि शेजारी रेफरीसाठी बरोबरची खूण.